नाव एक, झाडं दोन

आजची नोंद पिकाची नाही, सालीची आहे.

आमच्या बांधावर वडलांनी लावलेले उंच अशोक आहेत. काही वर्षांपूर्वी एक व्यापारी आला. "साल देता का? औषधाला जाते," म्हणाला. विहिरीवरची मोटार जळालेली, पैशाची नड होती. दोन पोती सोलून दिली. नंतर कळलं, औषधातला अशोक म्हणजे सीतेचा अशोक. नारिंगी-लाल फुलांचे घोस येणारा, शेंगवर्गातला. बायकांच्या अंगावरून जास्त जातं तेव्हा देतात ती साल त्याची. बांधावरचा सरळसोट अशोक सीताफळाच्या कुळातला. माझी साल कुणाच्या काढ्यात गेली असेल, हे अजून टोचतं.

नावाची गफलत किती महागात पडते ते बेल्जियमनं पाहिलंय. ब्रसेल्समध्ये वजन उतरवायला चिनी वनस्पतींच्या गोळ्या देत. त्यात 'फांग ची'च्या जागी 'ग्वांग फांग ची' आली. नाव जवळचं, पण दुसरीत मूत्रपिंडाला घातक अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. १९९३ साली डॉक्टरांनी नऊ स्त्रियांची हकीकत छापली. पुढे असे रुग्ण शंभराच्या घरात गेले.

झाड उभं असलं की पानाफुलावरून ओळखता येतं. साल वाळली, चूर्ण झालं की नजर फसते. तिथं डीएनए कामाला येतो. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआर सुचलं. डीएनएच्या एका तुकड्याच्या लाखो प्रती काढायची ही रीत. २००३ मध्ये कॅनडातले पॉल हेबर्ट यांनी प्राण्यांसाठी 'डीएनए बारकोड' मांडला. २००९ मध्ये वनस्पतींसाठी आरबीसीएल आणि मॅटके हे दोन तुकडे ठरले. २०१० मध्ये चिनी संशोधकांनी औषधी वनस्पतींसाठी आयटीएस-२ सुचवला. आपल्याकडे बाजारातली अशोक-साल अशी तपासली, तर बरेच नमुने भलत्याच झाडांचे निघाले.

पण डीएनए म्हणजे सगळं नव्हे. काढा उकळला की तो तुटतो. अश्वगंधेच्या मुळात पाला मिसळला तर तेही सांगत नाही, कारण मूळ-पान एकाच झाडाचं, डीएनए एकच. औषधी घटक किती, हेही त्यातून कळत नाही. त्याला एचपीटीएलसीसारखी रासायनिक तपासणी लागते. दोन्ही मिळूनच खरं काय ते कळतं.

पहिली तपासणी मात्र बांधावरच होते. माल काढण्याआधी उभ्या झाडाचा, फुलाचा फोटो घ्या. पोत्यावर गावरान नावासोबत शास्त्रीय नाव लिहा. सीतेचा अशोक म्हणजे 'सराका असोका'.

परवा आणखी एक जण साल मागायला आला. त्याला झाडाखाली नेऊन सांगितलं, हा तो अशोक नाही. म्हणाला, "चालतो हो."

म्हटलं, "मला नाही चालत."