गर्भशल्यचिकित्सा आणि जन्मपूर्व उपचार

मातेच्या उदरातील गर्भाच्या व्यंगावर किंवा आजारावर जन्मापूर्वीच केले जाणारे उपचार. यांत गर्भाशय उघडून केलेली शस्त्रक्रिया, दुर्बिणीतून किंवा सुईवाटे केलेली कामे, गर्भाला रक्त अथवा मूलपेशी देणे आणि अलीकडे जनुकीय विकारांवर थेट गर्भाला किंवा मातेमार्फत दिलेली औषधे, हे सर्व येते. सोनोग्राफीत दिसणाऱ्या बहुतेक व्यंगांवर जन्मानंतर उपचार करणेच हिताचे असते. फाटलेला ओठ किंवा हृदयातील लहान छिद्र नऊ महिने थांबू शकते. फुफ्फुस, मज्जारज्जू, मेंदू किंवा रक्त यांची हानी मात्र गर्भातच रोज वाढत जाते आणि जन्मानंतर भरून निघत नाही, तेथेच या शाखेचे काम सुरू होते.

या शाखेचे वेगळेपण असे, की येथे रुग्ण दोन असतात आणि त्यांतील एकाच्या शरीरातून गेल्याखेरीज दुसऱ्यापर्यंत पोचता येत नाही. आईला आजार नसतो आणि शस्त्रक्रियेचा शारीरिक लाभही तिला होत नाही. भूल, गर्भाशयावरचा व्रण, रक्तस्राव, मुदतपूर्व प्रसूतीचा धोका हे सारे मात्र तिच्याच वाट्याला येते. म्हणून संमती तिची, आणि नकार देण्याचा हक्कही तिचाच. गेल्या सहा दशकांतील प्रगती मोजायची असेल, तर गर्भाला किती मिळाले याच्या बरोबरीने आईवरचा भार किती कमी झाला हेही मोजावे लागते.

आरंभ : गर्भावरील पहिला यशस्वी उपचार सुईने झाला. आईचे रक्त आरएच ऋण आणि गर्भाचे आरएच धन असले, तर आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून गर्भात शिरून त्याच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. तीव्र रक्तक्षयाने गर्भाच्या अंगात पाणी भरते आणि तो पोटातच दगावतो. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये विल्यम लायली यांनी १९६३ मध्ये अशा गर्भाच्या उदरपोकळीत सुई घालून रक्त दिले. पोकळीतील तांबड्या पेशी हळूहळू शोषल्या जाऊन रक्तप्रवाहात पोचतात, या माहितीवर हा उपचार उभा होता. तेव्हा सोनोग्राफी हाताशी नव्हती. गर्भजलात सोडलेले क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य गर्भ गिळतो आणि त्याची आतडी छायाचित्रात उमटतात. त्या खुणेवरून सुईची दिशा ठरवली जाई. आधीचे प्रयत्न फसूनही लायली थांबले नाहीत, आणि गर्भ हा स्वतंत्र रुग्ण असू शकतो ही कल्पना तेथून वैद्यकात रुजली. १९८१ मध्ये लंडनच्या चार्ल्स रोडेक यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने थेट नाळेच्या रक्तवाहिनीत रक्त दिले. आज हेच काम सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत बारीक सुईने होते. दरम्यान १९६८ पासून अँटी-डी इंजेक्शन मिळू लागले आणि हा आजार मुळातच टाळता येऊ लागला. प्रतिबंधाने शस्त्राची गरज कमी केल्याचे याहून चांगले उदाहरण या क्षेत्रात नाही.

गर्भाशय उघडून शस्त्रक्रिया करण्याचे श्रेय सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल हॅरिसन यांच्याकडे जाते. मेंढ्या आणि माकडांवर अनेक वर्षे प्रयोग करून त्यांनी १९८१ मध्ये मूत्रमार्ग तुंबलेल्या मानवी गर्भावर पहिली शस्त्रक्रिया केली. ते बाळ जगले नाही. मूत्र अडल्यामुळे गर्भजल कमी पडून त्याच्या फुफ्फुसांची वाढ आधीच खुंटली होती. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता इनेझ येथे जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी स्वतःवरच काही बंधने घालून घेतली : निदान नेमके हवे, आजाराची नैसर्गिक वाटचाल ठाऊक हवी, जन्मानंतर परिणामकारक उपचार उपलब्ध नसावा, प्राण्यांवर शस्त्रक्रियेची उपयुक्तता सिद्ध झालेली असावी. नव्या शल्यशाखेने आपल्या बाल्यावस्थेतच असे कुंपण घालावे, ही दुर्मीळ गोष्ट आहे.

मध्यपटलाचे छिद्र : या शिस्तीची खरी कसोटी लागली ती या आजारात. छाती आणि उदर यांमधील पडद्याला जन्मजात छिद्र असले, की आतडी, कधी यकृतही, वर छातीत शिरते आणि फुफ्फुसांना वाढायला जागा उरत नाही. जन्मल्यावर बाळाला श्वासच घेता येत नाही. हॅरिसन यांनी गर्भातच हे छिद्र शिवून पाहिले. काही बाळे वाचली, पण पुढील चाचणीत नेहमीच्या उपचारांहून अधिक लाभ दिसला नाही. मग नवी कल्पना पुढे आली. गर्भाची फुफ्फुसे सतत द्रव स्रवतात. श्वासनलिका तात्पुरती बंद केली, तर तो द्रव आत साचून फुफ्फुसे आतून ताणली जातात आणि वाढतात. मेंढ्यांवर हे उत्तम साधले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र श्वासनलिका बंद केलेल्या गटात ७३ टक्के बाळे जगली आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ७७ टक्के. चाचणी थांबवली गेली.

येथे हा विषय संपला असता. बेल्जियममधील लव्हेन येथील यान देप्रेस्त आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी तो सोडला नाही. गर्भाशय न उघडता, सुईच्या जाडीच्या नळीतून दुर्बीण आत नेऊन गर्भाच्या श्वासनलिकेत लहानसा फुगा ठेवायचा आणि ३४ व्या आठवड्याच्या सुमारास काढून घ्यायचा, अशी त्यांची पद्धत. २०२१ मध्ये त्यांच्या 'टोटल' चाचणीचे निष्कर्ष आले. फुफ्फुसे अतिशय लहान राहिलेल्या गर्भांमध्ये फुगा ठेवल्यावर ४० टक्के बाळे रुग्णालयातून घरी गेली, न ठेवता १५ टक्के. मध्यम स्वरूपाच्या आजारात मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठोस फरक आढळला नाही. शिवाय फुगा ठेवलेल्या तीव्र गटात चारपैकी तीन प्रसूती मुदतीपूर्वी झाल्या. म्हणजे उपचार एकच असला, तरी कोणाला द्यावा आणि कोणाला देऊ नये, हे आकड्यांवाचून कोणाही अनुभवी हाताला सांगता आले नसते.

स्पायना बायफिडा : कण्याची कमान नीट न मिटल्याने मज्जारज्जू पाठीवर उघडा राहतो. पायांची शक्ती, लघवी-शौचावरचा ताबा यांवर परिणाम होतो आणि बऱ्याच मुलांच्या डोक्यात पाणी साचते. ते काढण्यासाठी बसवलेली शंट नावाची नळी पुढे अनेकदा बदलावी लागते. हा उघडा मज्जारज्जू महिनोन्महिने गर्भजलात राहून आणि घासून आणखी खराब होतो, हे मेंढ्यांवरील प्रयोगांतून १९९५ च्या सुमारास मार्टिन मॉइली आणि स्कॉट ॲड्झिक यांनी दाखवले. मग तो गर्भातच झाकला तर? याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेत २००३ मध्ये 'मॉम्स' चाचणी सुरू झाली. फिलाडेल्फिया, नॅशव्हिल आणि सॅन फ्रान्सिस्को अशी तीनच केंद्रे तीत होती. चाचणी पूर्ण होईपर्यंत ही शस्त्रक्रिया अन्यत्र करायची नाही, असे देशातील इतर केंद्रांनी स्वेच्छेने मान्य केले. पैसा आणि प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या शस्त्रक्रियेबाबत इतका संयम वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच दिसतो.

२०११ मध्ये १८३ स्त्रियांच्या सहभागानंतर निष्कर्ष प्रसिद्ध झाले; लाभ स्पष्ट असल्याने चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवली होती. गर्भात, २६ व्या आठवड्यापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या बाळांपैकी ४० टक्क्यांना वर्षभरात शंट लागली. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के होते. अडीच वर्षांच्या वयात आधाराविना चालणारी मुले पहिल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात २१. दुसरी बाजूही त्याच अहवालात आहे. गर्भात शस्त्रक्रिया झालेल्या गटात प्रसूती सरासरी ३४ व्या आठवड्यात झाली, आणि सुमारे एक तृतीयांश स्त्रियांमध्ये प्रसूतीच्या वेळी गर्भाशयावरचा व्रण पातळ झालेला किंवा उसवलेला आढळला. अशा स्त्रीची ही आणि पुढची प्रत्येक प्रसूती सिझेरियननेच करावी लागते. हे ओझे हलके करण्यासाठी आता दुर्बिणीतून हीच दुरुस्ती करण्याच्या पद्धती विकसित झाल्या आहेत. २०२१ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत डायना फार्मर यांच्या गटाने दुरुस्तीच्या जागी वारेतील मूलपेशींचा लेप असलेली पट्टी लावून मज्जारज्जू अधिक सावरतो का, याची चाचणी सुरू केली. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास हे व्यंग मोठ्या प्रमाणात टळते, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध केले आहे, आणि ती गोळी स्वस्त आहे. शस्त्रक्रियेच्या यशाच्या कौतुकात ती गोळी विसरली जाऊ नये.

अन्य विकार : एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांमध्ये एकाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागते, तेव्हा वारेवरील जोडरक्तवाहिन्या लेसरने जाळतात. २००४ मधील युरोपीय चाचणीपासून हा मान्य उपचार आहे. हृदयाच्या अरुंद झडपा फुग्याने रुंदावणे आता काही केंद्रांत होते. मार्च २०२३ मध्ये बोस्टन येथे गर्भाच्या मेंदूतील गॅलेनच्या शिरेची घातक विकृती जन्मापूर्वीच बंद करण्यात आली.

जनुकीय विकार : यात शस्त्र मागे पडते आणि पेशी, प्रथिने व औषधे पुढे येतात. गर्भावस्थाच का निवडायची, याची कारणे दोन. एक, हानी होण्याआधीच ती रोखता येते. दुसरे, गर्भाची प्रतिकारसंस्था अजून 'आपले' आणि 'परके' शिकत असते. पीटर मेडावर आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये उंदराच्या गर्भाला दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या, तेव्हा मोठेपणी त्या उंदरांनी त्याच जातीच्या त्वचेचे कलम स्वीकारले. याच तत्त्वावर फ्रान्समधील लियाँ येथे झाँ-लुई तुरेन यांनी १९८८ मध्ये प्रतिकारशक्तीच्या जन्मजात अभावाने ग्रस्त गर्भाला मूलपेशी दिल्या. १९९६ मध्ये ॲलन फ्लेक यांनी अशाच एका विकारात पित्याच्या अस्थिमज्जेतील पेशी वापरून यश मिळवले. रक्ताच्या इतर विकारांत मात्र या पेशी टिकेनात. पुढे उंदरांवरील संशोधनात अडथळा उलगडला : दात्याच्या पेशींना गर्भापेक्षा आईच्या प्रतिकारपेशीच अधिक विरोध करत होत्या. तेव्हा पेशी आईच्याच घ्याव्यात, हे ओघाने आले. सॅन फ्रान्सिस्को येथील टिपी मॅकेंझी यांचा गट तीव्र अल्फा थॅलॅसीमियाच्या गर्भांना रक्तासोबत आईच्या मूलपेशी देऊन पाहतो आहे. हा आजार एरवी जन्मापूर्वीच जीव घेतो. गर्भात रक्त दिल्याने ही बाळे जन्म पाहू शकतात, एवढे निश्चित झाले आहे.

प्रथिने देण्याच्या प्रयोगांत जर्मनीतील अर्लांगेन येथील होल्म श्नायडर यांचे काम विशेष सुंदर आहे. एक्स गुणसूत्रावरील ईडीए जनुकातील दोषाने काही मुलग्यांमध्ये घामाच्या ग्रंथीच तयार होत नाहीत; ताप किंवा ऊन त्यांच्या जिवावर बेतू शकते. या ग्रंथी घडण्याचा काळ गर्भातलाच, त्यामुळे जन्मानंतर प्रथिन देऊन उपयोग होत नाही. श्नायडर यांनी ते प्रथिन प्रतिपिंडाच्या एका तुकड्याला जोडून गर्भजलात सोडले. गर्भ ते गर्भजलाबरोबर गिळतो आणि त्याची आतडी ते शोषून घेतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातील तिन्ही मुलांना घाम येऊ लागला होता.

पोंपे रोगात एका विकराच्या अभावी ग्लायकोजेन साचून हृदय व स्नायू निकामी होतात. याच रोगाने आधीच्या दोन मुली गमावलेल्या एका मातेच्या गर्भाला कॅनडातील ओटावा येथे २०२१ मध्ये नाळेच्या शिरेतून सहा वेळा विकर देण्यात आले. जन्मानंतरही उपचार चालू राहिले आणि वर्षभरानंतर त्या मुलीचे हृदय व चालणे सामान्य होते. याहून पुढचे पाऊल २०२५ च्या आरंभी मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयातून जाहीर झाले. मज्जारज्जूतील चेतापेशी मरत जाणाऱ्या स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या आजारात आईने गर्भारपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत रिस्डिप्लाम हे औषध तोंडाने घेतले. अडीच वर्षांच्या वयात मुलीत या आजाराची लक्षणे नव्हती. तिच्यात आढळलेले इतर काही दोष औषध सुरू होण्याआधीचे असावेत, असे संशोधकांचे मत आहे. एका बालकावरून नियम बांधता येत नाही. पण पोट, गर्भाशय किंवा नाळ यांपैकी कशालाही हात न लावता गर्भावर उपचार झाला, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

प्रत्यक्ष जनुक बदलण्याबाबत अधिक सावधगिरी आहे. १९९८ मध्ये फ्रेंच अँडरसन यांनी गर्भावरील जनुकोपचाराचा प्राथमिक प्रस्ताव मांडला, तेव्हा अमेरिकेच्या सल्लागार समितीने त्यावर सविस्तर चर्चा करून परवानगी देण्याची वेळ आलेली नाही असे ठरवले. नव्या जनुकाचा शिरकाव गर्भाच्या बीजपेशींत झाला तर तो पुढच्या पिढ्यांत उतरेल, आणि आईच्या शरीरातही जाईल, ही मुख्य भीती. २०१८ मध्ये उंदरांच्या गर्भातील यकृताचा एक जीवघेणा विकार जनुक-संपादनाने दुरुस्त करता आला. चीनमध्ये त्याच वर्षी उघडकीस आलेले प्रकरण याहून वेगळे : तेथे प्रयोगशाळेतील भ्रूणाची जनुके बदलली होती, म्हणजे बदल वंशपरंपरेने उतरणारा होता. गर्भोपचारात घडलेल्या अवयवांवर उपचार अभिप्रेत असतो.

भारत : महाराष्ट्रात सिकल सेल आणि बीटा थॅलॅसीमिया हे मोठे प्रश्न आहेत, विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकल सेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या दोन्ही आजारांत गर्भाला फारसा त्रास होत नाही, कारण त्या काळात गर्भीय हीमोग्लोबिन काम करते. लक्षणे जन्मानंतर काही महिन्यांनी दिसतात. म्हणून येथे वाहकांची तपासणी आणि गर्भनिदान यांवर भर राहिला, आणि त्यात मुंबईच्या परळ येथील राष्ट्रीय इम्युनोहीमॅटॉलॉजी संस्थेचे काम अनेक दशकांचे आहे. गर्भावरील प्रत्यक्ष उपचारांत गर्भाला रक्त देणे आणि लेसर या पद्धती मोठ्या शहरांत रुळल्या आहेत. मार्च २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये द्राक्षाएवढ्या गर्भहृदयाची अरुंद झडप सुमारे ९० सेकंदांत फुग्याने उघडली गेली. त्या मातेचे आधीचे तीन गर्भ दगावले होते.

गर्भलिंगनिदानाच्या गैरवापराविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्रीय कायदा १९९४ मध्ये आला. त्यामुळे येथे गर्भावरील प्रत्येक तपासणी नोंदणीकृत केंद्रातच होते आणि तिची लेखी नोंद ठेवावी लागते. गर्भपाताची मुदत २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक स्त्रियांसाठी २४ आठवडे झाली; गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यानंतरही परवानगी मिळते. स्पायना बायफिडाच्या शस्त्रक्रियेला मात्र अशी सूट नाही : तिची मुदत २६ आठवड्यांपर्यंतची, आणि व्यंग दाखवणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांची. निदान पक्के करणे, जनुकीय तपासणीचा अहवाल येणे, दूरच्या केंद्रात जाणे आणि आईने विचार करून होकार वा नकार देणे, हे सारे या सहा ते आठ आठवड्यांत बसवावे लागते. तालुक्याच्या गावी ही सोनोग्राफी उशिरा झाली, तर उपचाराचा प्रश्नच उरत नाही.