भेटीआधीचा निकाल

स्थळ आलं की बायोडेटापाठोपाठ आता मुलाचं किंवा मुलीचं इन्स्टाग्राम उघडलं जातं. घरातलं कुणी धाकटं ते शोधून काढतं, मोबाईल हातोहात फिरतो आणि कांदेपोह्यांच्या आधीच निम्मा निर्णय झालेला असतो. याचं समर्थन दोन प्रकारे केलं जातं. आपले आईवडीलही चौकशी करायचेच, साधन बदललं एवढंच, हे एक. आणि बायोडेटा बेतून लिहिलेला असतो, चार वर्षांच्या पोस्टमधून मात्र खरा माणूस दिसतो, हे दुसरं.

दुसरा मुद्दा अधिक दमदार आहे आणि त्याच्या बाजूने पुरावाही आहे. मित्या बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिका आणि जर्मनीतल्या २३६ तरुणांची प्रोफाइलं त्यांनी अनोळखी परीक्षकांना दाखवली. परीक्षकांनी बांधलेले अंदाज त्या तरुणांना स्वतःबद्दल जे भासवायला आवडलं असतं त्यापेक्षा त्यांच्या खऱ्या स्वभावाशी अधिक जुळले. पण हाच अभ्यास शेवटपर्यंत वाचायला हवा. अंदाज सर्वांत चांगला जुळला तो माणूस किती बोलघेवडा आहे, नव्या गोष्टींची त्याला किती हौस आहे, याबाबत. सर्वांत कमी जुळला तो मनाच्या अस्थिरतेबाबत, म्हणजे चिंता, चिडचिड, लवकर खचणं यांबाबत. तो मित्रांत रमतो का, हे प्रोफाइल सांगेल. घरात आजारपण आलं, हप्ते थकले, की तो बायकोशी कसा बोलेल, हे सांगणार नाही. लग्न ठरवताना तर नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं.

आता चौकशीबद्दल. जुन्या चौकशीचे गोडवे मला गायचे नाहीत. जात, रंग, कुचाळक्या सगळं तिच्यात होतं आणि एखाद्या शेजाऱ्याच्या वाकड्या शब्दाने चांगली स्थळं मोडलेली आहेत. तरी तिची घडण वेगळी होती. मुलीचे वडील मुलाच्या ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला गाठून विचारत, रागीट आहे का, घरी पैसे देतो का, आईशी कसा बोलतो. सांगणाऱ्याला शब्द जपून वापरावा लागे, कारण उद्या मांडवात दोन्ही घरांना तोंड दाखवायचं असे. शंका आली तर ‘म्हणजे नेमकं काय?’ असं पुन्हा विचारता येई. आणि आपली चौकशी होणार, हे मुलाकडच्यांनाही ठाऊक असे.

फोटोला उलट प्रश्न विचारता येत नाही. गडकिल्ल्यांवरचे ढीगभर फोटो आणि घरच्यांचा एकही नाही, एवढ्यावरून मावशी म्हणते, ‘ह्याचं घरात लक्ष दिसत नाही.’ त्याच्या आईलाच फोटो टाकलेले आवडत नसतील, हे सांगायला तिथे कुणी नसतं. मुलीचं अकाउंट खासगी असेल तर ‘लपवण्यासारखं असेल काहीतरी’, उघडं असेल तर ‘फारच मोकळी आहे’. ठपका दोन्हीकडून ठरलेला, आणि तो कशामुळे आला हे तिला कधी कळतही नाही. निरोप एवढाच येतो की पत्रिका जुळत नाही.

त्यातूनही भेट ठरली, तर भेटीत गैरसमज निवळतील, असं पुष्कळांना वाटतं. मला हा या सगळ्यातला सर्वांत घातक समज वाटतो. मार्क स्नायडर, एलिझाबेथ टँक आणि एलन बर्शाइड यांचा मिनेसोटा विद्यापीठातला १९७७ चा प्रयोग इथे आठवायला हवा. तरुणांना एका अनोळखी तरुणीशी फोनवर बोलायचं होतं. बोलण्याआधी काहींना एका देखण्या मुलीचा फोटो दिला, काहींना तशा नसलेल्या मुलीचा. फोटो पलीकडच्या मुलीचा नव्हताच आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. पुढे संभाषणातला फक्त मुलींचा आवाज तिसऱ्याच लोकांना ऐकवला. फोटोबद्दल काही ठाऊक नसलेल्या या श्रोत्यांनाही, ज्यांना देखण्या मानलं गेलं होतं त्याच मुली अधिक स्नेहाळ आणि मनमिळाऊ वाटल्या. मुलं ज्या समजुतीने बोलली, तशा त्या मुली बोलताना होत गेल्या.

‘फारच मोकळी’ असं आधीच ठरवून बसलेल्या घरच्यांसमोर मुलगी येते तेव्हा हेच उलट्या दिशेने घडतं. पहिलाच प्रश्न येतो, ‘बाहेर जाणं-येणं बरंच असतं वाटतं?’ ती सावध होते, उत्तर तुटक देते, आणि मग तो तुटकपणाही तिच्या नावावर जमा होतो. घरी परतताना सगळे म्हणतात, प्रोफाइलवरून वाटलं होतं तशीच निघाली.

आणखी दोन अभ्यास यासोबत वाचण्यासारखे आहेत. नॉर्टन, फ्रॉस्ट आणि एरिअली यांना २००७ मध्ये आढळलं, की अनोळखी माणसाच्या गुणांची यादी जितकी लांब, तितका तो कमी आवडतो. एक न जुळणारी गोष्ट दिसली की पुढच्या गोष्टीही न जुळणाऱ्याच वाटू लागतात. हॅरी राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याला आव्हान दिलं. माणसं प्रत्यक्ष गप्पा मारतात तेव्हा ओळखीबरोबर आवडही वाढते, असं त्यांना दिसलं. हा वाद मिटवायची मला गरज वाटत नाही. एका अभ्यासात माणूस यादीतून कळत होता, दुसऱ्यात बोलण्यातून, आणि आपण हल्ली मुलामुलींना आधी यादी वाचायला लावतो.

सुरक्षिततेचा आक्षेप उरतो आणि तो मला पूर्ण मान्य आहे. मुलगी अनोळखी माणसाला भेटायला निघते तेव्हा तो सांगतो तोच आहे ना, हे पाहायलाच हवं. खोटं नाव, खोटी नोकरी, लपवलेलं पहिलं लग्न, असे प्रकार होतात. पण फसवणारा माणूस प्रोफाइलही साजरंच बनवतो. नोकरीची खात्री तो काम करतो तिथून होते. पहिलं लग्न मोडलं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत मागावी. पहिली भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या हॉटेलात ठेवावी आणि घरी सांगून जावं. यातलं काहीही समोरच्याच्या नकळत करावं लागत नाही.