पाच व्होल्टांचा जमाखर्च

कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावी, अँडी कॅप्स टॅव्हर्न नामक मद्यगृहात, १९७२ साली अटारी कंपनीने आपला 'पाँग' हा पडद्यावर खेळावयाचा खेळ एका लाकडी पेटीत बसवून ठेवला, आणि थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची वर्दी आली. यंत्राचे रचनाकार अल् अल्कॉर्न स्वतः तपासाला गेले, तेव्हा आतल्या मंडलात काहीएक दोष नसून गल्ल्याची पेटी पाव डॉलरच्या नाण्यांनी ओसंडल्यामुळे खेळ सुरू होईनासा झाला आहे, असे आढळले. ही हकीकत या धंद्याच्या भाग्योदयाची खूण म्हणून वारंवार सांगितली जाते; मला मात्र ती निराळ्याच कारणाने लक्षणीय वाटते. फिर्याद एका ठिकाणची आणि कारण दुसऱ्याच ठिकाणचे, हा प्रकार येथे पहिल्याच तक्रारीत घडला. आणि पुढे दहा-बारा वर्षे विद्युत्पुरवठ्याच्या दोषांनी कारागिरांना जे छळले, त्याचेही स्वरूप बहुधा असेच होते.

त्या काळी ही यंत्रे ज्यांच्या हाती आली ते लोक पिनबॉल आणि ज्यूकबॉक्स यांच्या दुरुस्तीत मुरलेले होते. रिले ओढला जातो की नाही हे त्यांच्या कानाला कळे, जळलेली कॉइल नाकाला कळे, काळी पडलेली संपर्काची पाती डोळ्यांना दिसे. उलट या नव्या फलकावर ओळीने बसलेल्या आयसींपैकी कोणती काम करते आणि कोणती करत नाही, हे बाहेरून समजण्याची सोयच नव्हती. त्यातून यंत्राचा मालक एक, ज्याच्या दुकानात ते ठेवले तो दुसरा, आणि गल्ल्याची उभयतांत वाटणी, अशी धंद्याची वहिवाट असल्याने बंद यंत्राचा प्रत्येक दिवस दोघांच्याही तोट्याचा. साहजिकच कारागिराला सावकाश विचार करण्याची सवड क्वचितच मिळे, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज बसवून मोकळे होण्याचा अनिष्ट मोह अनेकांना आवरत नसे.

पुरवठ्याचे काम वरकरणी साधे. भिंतीतून येणारा १२० व्होल्टांचा दाब ट्रान्सफॉर्मरने उतरवावयाचा, रेक्टिफायरने प्रवाह एकदिश करावयाचा, मोठ्या कपॅसिटरने त्याच्या लाटांमधील दऱ्या भरावयाच्या, आणि अखेर रेग्युलेटरने तो पाच व्होल्टांवर स्थिर ठेवावयाचा. परंतु ७४०० मालिकेतील आयसींना ४.७५ ते ५.२५ एवढीच मोकळीक असते. अटारीच्या पेटीच्या तळाशी निळ्या वेष्टनाचा एक जाडजूड कपॅसिटर असे, ज्याला कारागीर 'बिग ब्लू' म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यातील द्रव सुकला की अमेरिकेच्या ६० आवर्तनांच्या विजेत सेकंदाला १२० वेळा दाब खाली घसरू लागे. मग ध्वनिक्षेपकातून गुणगुण ऐकू येई, आणि प्रोसेसर भरकटताच त्याला पुनःपुन्हा आरंभापाशी नेणारे 'वॉचडॉग' मंडल जागे होऊन खेळ सुरू होण्याआधीच संपे. हा दोष निदान प्रामाणिक होता. त्याची लक्षणे त्याच्याकडेच बोट दाखवीत.

याहून कपटी दोष वाटेत दडलेला असे. १९७९ च्या 'अ‍ॅस्टेरॉइड्स' सारख्या यंत्रांत रेग्युलेटर एका फलकावर आणि खेळाचे मंडल दुसऱ्यावर असून, दोहोंमधील प्रवाह तारांतून आणि कडेच्या कनेक्टरातून जात असे. समजा, त्या संपर्कावर गंज चढून अवघा ०.०५ ओहम रोध निर्माण झाला आणि त्यातून ६ अँपिअर प्रवाह वाहिला, तर वाटेत ०.३ व्होल्ट गळतात आणि पाचाचे ४.७ होऊन मर्यादा ओलांडली जाते. या गळतीची भरपाई व्हावी म्हणून अटारीने खेळाच्या फलकापासून रेग्युलेटरपर्यंत 'सेन्स' नावाच्या स्वतंत्र तारा परत आणल्या होत्या: तेथे दाब कमी भरला की येथून अधिक धाडावयाचा. योजना बुद्धिमत्तेची होती, आणि नव्या यंत्रात निर्दोष चालेही. जुन्या यंत्रात मात्र तिनेच घात केला. कारण संपर्क जितका बिघडे तितका रेग्युलेटर निमूटपणे जास्त जोर लावी, त्या जोराने संपर्क अधिक तापे, तापल्याने अधिक बिघडे, आणि खेळ बिनतक्रार चालू असताना प्लॅस्टिक करपत जाई. शेवटी जळलेला रेग्युलेटर पाहून नवा बसविला जाई, नि तोही काही काळाने त्याच मार्गाने जाई. तिजोरीतून गेलेली आणि गावी पोहोचलेली रक्कम ताडून पाहिल्याविना वाटेतील अफरातफर जशी उघडकीस येत नाही, तसे रेग्युलेटरपाशी आणि खेळाच्या फलकावर असे दोन्हीकडे मल्टिमीटर लावल्याखेरीज हा दोष हाती लागत नाही. अनुभवी कारागीर कनेक्टरच्या पिना बदलून मग सेन्सच्या तारा रेग्युलेटरपाशीच जोडून टाकीत. रचनाकाराच्या हुशारीवर त्यांचा हा नम्र पण ठाम आक्षेप होता.

'पॅक-मॅन'च्या १९८० च्या फलकावर तर रेक्टिफायरही खेळाच्याच अंगावर असल्याने कनेक्टरातून ७ व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह आत येई. त्या फलकाच्या जळक्या कडा आजही संग्राहकांच्या परिचयाच्या आहेत.

जपानमधील करमणूक-यंत्रांच्या उत्पादकसंघाने १९८५ साली 'जामा' हे ५६ संपर्कांचे प्रमाण ठरविले, तेव्हा त्यांतील ४ संपर्क एकट्या पाच व्होल्टांना आणि ८ संपर्क ग्राउंडला दिले गेले. एवढ्या औदार्यामागे आधीच्या जळिताचा अनुभव असावा, असे मी मानतो. त्याच सुमारास हलका, स्वस्त स्विचिंग पुरवठा रूढ झाला. तो दुरुस्त करीत बसण्यापेक्षा बदलणेच परवडे, म्हणून पुष्कळांची जुनी विद्या विसरली गेली. त्यावर पाच व्होल्ट कमी-अधिक करण्याचा एक लहानसा स्क्रू असतो. खेळ अडखळला की तो थोडा पिळावा, अशी सवय लागली, आणि सेन्सच्या तारा जी चूक आपोआप करीत तीच मनुष्याचा हात करू लागला; शिवाय अनेक स्वस्त पुरवठ्यांत पाचाबरोबर त्याच पुरवठ्यातील बारा व्होल्टांचाही आकडा चढतो, हे पिळणाऱ्याच्या ध्यानी येत नसे.

आता ही यंत्रे संग्राहकांच्या घरी विसावली असून, मूळचा पुरवठा जतन करावा की स्विचिंग बसवावा, याविषयी त्यांच्यात कडाक्याचे वाद होतात. मला दोन्ही पक्ष थोडे घाईचे वाटतात. आधी वीज तोडून फ्यूज जागेवरून काढून तपासावा, खेळाचा फलक सोडवून पुरवठ्यावर मोटारीच्या दिव्यासारखा भार लावून दाब पाहावा, आणि फलक जोडल्यावर पुरवठ्याच्या टोकांशी न थांबता ७४०० आयसीच्या ७ व्या आणि १४ व्या पायांवर मीटरच्या सळ्या टेकवाव्यात. तेथे ४.७ दिसले आणि पुरवठ्यापाशी पूर्ण ५ भरले, तर नवा पुरवठा विकत आणण्याचे कारण नाही. कनेक्टरच्या पिना बदलाव्यात.