एक राष्ट्र, दोन अर्थव्यवस्था : विभक्त जर्मनीतील कोळसा आणि धूर

अर्थव्यवस्थेचे स्वरूप आणि ऊर्जेचा विनियोग यांचा संबंध तपासण्यास 1949 ते 1990 या कालखंडातील विभक्त जर्मनीइतके अनुकूल क्षेत्र क्वचितच आढळेल. भाषा एक, शास्त्रपरंपरा एक. भिन्न होती ती अर्थव्यवस्था.

तथापि निसर्गाचा वाटा प्रथम वेगळा काढला पाहिजे. युद्धोत्तर विभागणीत रूरचा दगडी कोळसा पश्चिमेकडे राहिला, सायलेशियाचा पोलंडकडे गेला. पूर्व जर्मनीस लाभला तो मुख्यतः लिग्नाइट. सुमारे निम्मे पाणी असलेला, गंधकयुक्त व अल्प उष्णता देणारा. 1981 मध्ये सोव्हिएत संघाने तेलपुरवठा घटविल्यावर त्यावरील भिस्त वाढली आणि 1985 मध्ये त्याचे उत्पादन 31 कोटी टनांवर गेले.

परंतु लिग्नाइट पश्चिमेसही ऱ्हाइनकाठी जाळला जात होताच. मग भेद कोठे होता? पूर्वेकडील नियोजनात कारखान्याचे यश उत्पादनाच्या परिमाणावर मोजले जाई; वाचविलेल्या कोळशाचे श्रेय कोणासच मिळत नसे. इंधनाचे दर कृत्रिमरीत्या अल्प ठेवलेले होते. नव्या वसाहतींतील घरांत उष्णतेचे मापक नसल्याने खोली फार तापली की रहिवासी खिडकी उघडीत. धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रांनी उत्पादन वाढत नसल्यामुळे त्यांचा क्रम शेवटी लागे. 1980 नंतरच्या दशकात सल्फर डायऑक्साइडचे वार्षिक उत्सर्जन सुमारे 50 लाख टनांवर पोहोचले. लोकसंख्या मात्र पश्चिमेच्या सुमारे चतुर्थांश होती.

यावरून बाजारपेठ स्वभावतःच निर्मळ असते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. लंडनचे 1952 चे प्राणघातक धुके खाजगी मालकीच्या देशातच पडले होते. रूरवरील आकाश पुन्हा निळे व्हावे, ही मागणी विली ब्रांट यांना 1961 मध्ये निवडणुकीच्या प्रचारात करावी लागली. पश्चिम जर्मनीचे उत्सर्जन 1980 मधील सुमारे 32 लाख टनांवरून 1989 पर्यंत सुमारे 10 लाख टनांवर आले, त्यामागे अरण्यांच्या ऱ्हासाने क्षुब्ध झालेले लोकमत आणि 1983 चा मोठ्या भट्ट्यांविषयीचा सक्तीचा नियम होता.

पूर्वेत कायदा नव्हता असे नाही. पर्यावरणरक्षणाचा कायदा तेथे 1970 मध्येच झाला होता. परंतु 1982 मध्ये शासनाने प्रदूषणाची आकडेवारीच गोपनीय ठरविली. बिटरफेल्डच्या रहिवाशास धूर दिसत होता, पण त्याचे मोजमाप त्याच्या हाती नव्हते.

अर्थव्यवस्था इंधनाचा दर ठरविते, तसेच धुराची किंमत कोणी सोसावी हेही ठरविते. सोसणाऱ्यास ती जाहीरपणे मांडता येते की नाही, हे मात्र राज्यव्यवस्थेवर अवलंबून असते. 1990 नंतर पूर्वेकडील आकाश निवळले. पण त्याचे एक कारण कारखाने बंद पडणे हे होते, आणि ती किंमतही तेथील कामगारांनीच मोजली.