डॅशकॅममधील चित्रणाची साठवण
वाहनाच्या पुढील काचेवर बसवलेला डॅशकॅम बहुधा मायक्रोएसडी कार्डावर चित्रण साठवतो. सलग चित्रणाचे १ ते ५ मिनिटांचे तुकडे होतात. कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसून नवा लिहिला जातो. सेकंदाला १५ मेगाबिट वेगाने ६४ जीबी कार्डावर सुमारे साडेनऊ तासांचे चित्रण मावते.

धक्का बसताच यंत्रातील त्वरणमापक तो तुकडा कुलूपबंद करतो आणि तो पुसला जात नाही. मात्र संवेदनक्षमता जास्त ठेवली, तर खड्ड्यांच्या धक्क्यांनीही तुकडे कुलूपबंद होत जातात आणि काही यंत्रांत कार्डच भरून जाते. ही मर्यादा वापरणाऱ्यांच्या फारशी ध्यानात येत नाही.

खरा धोका वीज तुटण्याचा. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. ती लिहायची राहिली तर अपघाताचाच तुकडा उघडत नाही. म्हणून फाइल बंद होईपर्यंत वीज पुरवणारी बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर यंत्रात असतो. उन्हात तापणाऱ्या गाडीत लिथियम बॅटरी फुगू शकते, त्यामुळे उष्ण प्रदेशात सुपरकपॅसिटरच योग्य. सततच्या पुनर्लेखनाने साधी कार्डे झिजतात. त्यासाठी जास्त टिकाऊपणाची कार्डे मिळतात.

साठवलेली चित्रणे अपघाताखेरीजही उपयोगी पडतात: १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेल्या उल्केचा मार्ग ठरवताना डॅशकॅमची चित्रणे शास्त्रज्ञांच्या कामी आली.

भारतात असे चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-संकेत) नमूद केलेले प्रमाणपत्र लागते. म्हणून अपघातानंतर मूळ कार्ड लगेच काढून जपून ठेवावे.