स्त्रीबीज वाढवणाऱ्या इंजेक्शनची गोष्ट

"डॉक्टर, हे इंजेक्शन कशापासून बनवतात?" एचएमजीचे इंजेक्शन लिहून दिले की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. उत्तर ऐकून अनेकींचे डोळे विस्फारतात. कारण हे औषध बनते लघवीपासून, आणि तीही रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांच्या!

यामागचे कारण समजून घ्या. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके सोडते. त्यांच्या प्रभावाने अंडाशयात स्त्रीबीज वाढते आणि पक्व होऊन बाहेर पडते. पाळी कायमची गेल्यावर अंडाशय दाद देत नाहीत, म्हणून पिट्युटरी आणखी जोर लावते. ही जादा संप्रेरके लघवीतून बाहेर पडतात.

१९४९ च्या सुमारास रोममधील सेरोनो कंपनीचे शास्त्रज्ञ पिएरो डोनिनी यांनी ती लघवीतून वेगळी काढली. पण औषध बनवायला शेकडो स्त्रियांची लघवी हवी होती. त्यात एकही गर्भवती असून चालणार नव्हते, कारण गरोदरपणातले संप्रेरक त्यात मिसळले असते. शेवटी इटलीतल्या ख्रिस्ती मठांमधील वयस्कर नन मदतीला आल्या. हे औषध डॉ. ब्रुनो लुनेनफेल्ड यांनी इस्राएलमध्ये वापरले आणि १९६२ मध्ये उपचार घेतलेल्या एका स्त्रीला मुलगी झाली. ज्यांनी स्वतः संसार केला नाही, त्यांच्यामुळे दुसऱ्यांच्या घरी पाळणा हलला.

पण त्या काळी सोनोग्राफीची सोय नव्हती. किती बीजे वाढत आहेत हे डोळ्यांनी पाहता येत नसे. त्यामुळे जुळी-तिळी राहण्याचा आणि अंडाशय धोकादायकरीत्या सुजण्याचा धोका मोठा होता. आज प्रयोगशाळेतील पेशींपासून बनवलेले एफएसएचही मिळते, पण हे धोके पूर्णपणे गेलेले नाहीत.

म्हणून "पुन्हा सोनोग्राफी कशाला?" असे वाटले तरी ती टाळू नका. तिच्यावरूनच तुमचा डोस ठरतो. मैत्रिणीला लागू पडला तो डोस तुम्हाला चालेलच असे नाही. इंजेक्शननंतर पोट फुगले, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवा.