संकेत आणि स्मृती : मिडीच्या एका लहानशा आज्ञेचा इतिहास



आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने विजेच्या वाद्यांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु शब्द आणि अर्थ यांचा संबंध हा माझ्या अध्यापनाचाच विषय होता, आणि त्याचे एक विलक्षण उदाहरण मला या वाद्यांच्या इतिहासात आढळले.

रॉबर्ट मूग यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत घडविलेल्या सिंथेसायझरमध्ये निरनिराळे भाग वायरींनी जोडून ध्वनी सिद्ध करावा लागे. या वायरींना पॅच कॉर्ड म्हणत. वायरी पुढे गेल्या, तरी तयार ध्वनीला वादक आजही 'पॅच' म्हणतात. शब्द वस्तूपेक्षा दीर्घायुषी असतो, तो असा. १९७० च्या मिनिमूगमध्ये वायरींचे जंजाळ सरले, पण वाद्याला स्मृती नव्हती. दोन गीतांच्या मधल्या अवकाशात, श्रोते समोर बसलेले असताना, वादकाने एकेक नॉब अंदाजाने फिरवून पुढचा ध्वनी जुळवावयाचा, ही परीक्षाच होती. १९७८ साली डेव्ह स्मिथ यांच्या 'प्रॉफेट-५' या वाद्याने ही अडचण दूर केली. त्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि ४० ध्वनिरचना साठविता येत. बटण दाबले की ध्वनी हजर.

मात्र प्रत्येक कंपनीचे वाद्य आपलीच भाषा बोले. जपानच्या रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी १९८१ मध्ये अमेरिकन निर्मात्यांशी या संदर्भात बोलणे सुरू केले. त्याच वर्षी स्मिथ आणि चेट वुड यांनी ध्वनि-अभियंत्यांच्या परिषदेत सामाईक जोडणीचा प्रस्ताव मांडला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यप्रदर्शनात 'प्रॉफेट-६००' आणि रोलंडचे 'ज्युपिटर-६' एका केबलने जोडले गेले. एकावर वाजविलेला स्वर दुसऱ्यातून उमटला. बाजारातील प्रतिस्पर्ध्यांनी सिद्ध केलेली ही भाषा, म्हणजे मिडी, कोणाही निर्मात्याला मोबदल्यावाचून वापरता आली. उदारता आणि व्यवहार यांचा असा मेळ विरळाच.

या भाषेतील 'प्रोग्रॅम चेंज' ही आज्ञा मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. तिचे शब्द दोनच. पहिला अंक १९२ ते २०७ यांपैकी एक. त्यातून 'ध्वनी बदल' ही क्रिया आणि सोळांपैकी कोणत्या वाहिनीने ती ऐकावयाची, हे दोन्ही कळते. दुसरा अंक ० ते १२७, म्हणजे ध्वनीचा क्रमांक. सेकंदाला ३१,२५० बिटांच्या वेगाने ही आज्ञा एका मिलिसेकंदाच्या आत पोहोचते. रंगमंचावर चार वाद्ये असली, तरी वादकाने पायाने एक खटका दाबावा आणि चारही वाद्यांनी एकदम रूप पालटावे, ही सोय तिने दिली.

पण या आज्ञेत ध्वनी नसतोच! असतो केवळ क्रमांक. पाणिनीच्या 'अच्' या प्रत्याहारात सारे स्वर सामावतात, ते शिवसूत्रे ज्याला पाठ आहेत त्याच्यापुरतेच. इतरांस तो निरर्थक उच्चार. तसेच येथे. ३७ हा क्रमांक एका वाद्यात व्हायोलिनचा, तर दुसऱ्यात घंटेचा असू शकतो. भाड्याचे वाद्य घेऊन कार्यक्रमास बसणाऱ्याने हे विसरून चालत नाही. त्यातही कोणी मोजणी शून्यापासून केली, कोणी एकापासून. कोणी आठ-आठांचे गट पाडले. एका अंकाच्या फरकाने विलापाच्या जागी तुतारी वाजावी, असा हा घोटाळा. शिवाय कित्येक वाद्यांत आज्ञा मिळताच धरून ठेवलेला स्वर मध्येच तुटतो. म्हणून जाणता वादक ती आधीच्या विरामात, श्वास घेतल्यासारखी, देतो.

१९९१ मध्ये 'जनरल मिडी' या संकेताने १२८ क्रमांकांची नावे ठरवून दिली. पहिला पियानो. सतार १०५ वी, सनई ११२ वी. तबल्याला मात्र त्या यादीत स्थान मिळाले नाही. आपल्या नेहमीच्या हार्मोनियमलाही स्वतंत्र नाव नाही, 'रीड ऑर्गन' या २१ व्या नावावर समाधान मानावयाचे. यादी कोण करतो यावर पुष्कळ अवलंबून असते, हे शब्दकोशाचे काम पाहिलेल्यांना ठाऊकच आहे.

स्मिथ आणि काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. काकेहाशी २०१७ मध्ये वारले, स्मिथ २०२२ मध्ये. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली, तरी जुनी आज्ञा अजून चालते. मात्र त्या काळच्या पुष्कळ वाद्यांची स्मृती आतल्या एका लहानशा बॅटरीवर टिकून होती. ती संपली की वादकाने रात्री जागून रचलेले ध्वनी पुसले जातात. केबल शाबूत असते, आज्ञा बिनचूक पोहोचते, पडद्यावर ३७ हा आकडाही उमटतो. आणि वाद्यातून भलतेच काही ऐकू येते.